इरावती कर्वे : वंशकल्पनेच्या अभ्यासातील एक आयुष्य

मराठी वाचकाच्या मनातील इरावती कर्वे यांची प्रतिमा मुख्यतः 'परिपूर्ती'मधील ललितलेखांनी आणि 'युगान्त'ने घडविलेली आहे. साहित्याच्या अभ्यासकांनीही त्यांचा विचार ललित निबंधाच्या विकासक्रमात एक महत्त्वाचा टप्पा म्हणून केला, आणि त्या मानवशास्त्रज्ञ होत्या ही गोष्ट बहुधा परिचयाच्या परिच्छेदात नोंदवून तिथेच सोडून दिली. वस्तुतः माणसांची वंशांमध्ये विभागणी करून त्या विभागणीवरून त्यांची बुद्धी, योग्यता आणि समाजातील पायरी ठरविता येते काय, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० पर्यंत सतत उपस्थित होता. वंशवाद आणि वंशवादविरोध हा आंतरविद्याशाखीय विषय म्हणून महाविद्यालयात कसा अभ्यासावा, याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा परदेशी उदाहरणांच्या आधारे होते. पुण्यात बसून ज्या विदुषीने शरीरमापन, संख्याशास्त्र, आप्तवाचक शब्द, लोकगीते आणि महाभारत यांना एकाच प्रश्नाला जुंपले, तिचे चरित्र या दृष्टीने वाचले गेलेले नाही.

येथे एका शब्दाचा विचार आधी केला पाहिजे. या शास्त्राला मराठीत दीर्घकाळ मानववंशशास्त्र म्हटले गेले, आणि त्या नावातच एक घोटाळा दडलेला आहे. 'वंश' म्हणजे कुळाची परंपरा. रघुवंश, हरिवंश ही नावे त्या अर्थाने आली. एकोणिसाव्या शतकात त्याच शब्दावर युरोपातील 'रेस' या कल्पनेचा भार टाकण्यात आला. पहिल्या अर्थाने वंश म्हणजे कोण कोणाचा, कोणाशी सोयरिक होते आणि कोणाशी होत नाही. दुसऱ्या अर्थाने वंश म्हणजे कवटीची लांबी, नाकाची रुंदी, त्वचेचा रंग. इरावतीबाईंचा अभ्यास दुसऱ्या अर्थापासून सुरू झाला आणि हळूहळू पहिल्याकडे वळला. तो पूर्णपणे वळला काय, हा वादाचा मुद्दा आहे आणि या लेखाचा खरा विषयही तोच आहे.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. मुलीचे नाव त्या देशाच्या मोठ्या नदीवरून ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत शिकण्यास पाठविण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीतून रँग्लर परांजपे यांच्या घरात प्रवेश मिळाला. परांजपे हे केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले गणिती, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य आणि निर्भीड बुद्धिवादी होते. कोणतेही मत पुराव्याशिवाय स्वीकारायचे नाही, मग ते कितीही वडीलधाऱ्याचे असो, ही सवय या घरात लागली असे मानण्यास जागा आहे. पुढे बर्लिनमध्ये ती उपयोगी पडली.

१९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्यावर त्या मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राकडे वळल्या. १९२८ मध्ये एम.ए.साठी सादर केलेला त्यांचा प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर होता, म्हणजे स्वतःच्याच जातीवर. मधल्या काळात रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी विवाह होऊन त्या महर्षी कर्वे यांच्या सून झाल्या होत्या. उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाण्याच्या त्यांच्या बेताला, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांनीच विरोध केला. दिनकररावांनी, जे स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते, पत्नीची बाजू घेतली. महर्षींच्या चरित्रकारांनी हा प्रसंग सहसा सौम्य शब्दांत उरकला आहे.

बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेचा मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र यांना वाहिलेला विभाग सप्टेंबर १९२७ मध्ये नुकताच सुरू झाला होता. ऑयगेन फिशर हे त्याचे पहिले संचालक. फिशर यांनी १९०८ मध्ये जर्मनीच्या ताब्यातील नैर्ऋत्य आफ्रिकेत, रेहोबोथ येथील मिश्र संततीचा अभ्यास केला होता. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथामुळे वंशमिश्रणाच्या प्रश्नावरील अधिकारी विद्वान म्हणून त्यांची कीर्ती झाली. हाच विद्वान १९३३ मध्ये नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. त्याच्या संस्थेतील तज्ज्ञांनी सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यासाठी अभिप्राय दिले, आणि ऱ्हाइनलँडमधील आफ्रिकी सैनिकांच्या मुलांचे १९३७ मध्ये निर्बीजीकरण झाले त्यातही या संस्थेतील तज्ज्ञांचा हात होता. इरावतीबाई तेथे होत्या तेव्हा हे घडलेले नव्हते. परंतु ज्या विचारातून ते घडले तो विचार तेव्हाच्या जर्मन विद्यापीठांत प्रतिष्ठित विज्ञान म्हणून शिकविला जात होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. वंशवाद हा अडाण्यांचा पूर्वग्रह असतो अशी समजूत करून घेतलेल्या विद्यार्थ्याला या संस्थेचा इतिहास मुद्दाम वाचायला द्यावा.

फिशर यांनी त्यांना दिलेला विषय मानवी कवटीच्या असमानतेचा होता. कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते, हे शरीररचनाशास्त्राला माहीत होते. युरोपीय माणसाच्या कवटीत ही असमानता अधिक असते आणि तिचा संबंध त्याच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीशी आहे, अशी कल्पना मांडली गेली होती. ती सिद्ध व्हावी ही अपेक्षा होती. बर्लिनच्या संग्रहांमध्ये वसाहतींच्या काळात जगभरातून आणलेल्या कवट्यांची कमतरता नव्हती. त्या कोणाच्या थडग्यांतून आणि कोणाच्या संमतीने आल्या, हा प्रश्न त्या वेळी विचारला जात नसे. इरावतीबाईंनी युरोपीय आणि युरोपबाहेरील मिळून १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. निष्कर्ष असा निघाला की असमानता सर्वत्र आढळते, परंतु तिचे प्रमाण आणि वंश यांचा काही संबंध दाखविता येत नाही. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या निष्कर्षाचे मोल ठरविताना अतिशयोक्ती होण्याचा धोका आहे. इरावतीबाईंनी वंशकल्पनेविरुद्ध जाहीरनामा काढलेला नव्हता. त्यांनी एक विशिष्ट गृहीतक तपासले आणि ते टिकत नाही असे नोंदविले, एवढेच. मात्र परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या स्वाक्षरीवर पदवी अवलंबून आहे त्या मार्गदर्शकाला नको असलेले उत्तर देणे हे साधे काम नव्हते. विशेषतः त्या विद्यार्थिनीची स्वतःची कवटीही त्या सिद्धान्तात खालच्या बाजूला मोडत असताना. सिद्धान्ताला सोयीचे आकडे निवडण्याचा मार्ग तेव्हाही उपलब्ध होता आणि पुष्कळांनी तो पत्करला.

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठात निबंधक म्हणून काम केले. कारभाराचे काम त्यांच्या स्वभावाला मानवणारे नव्हते. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजची पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुनर्रचना झाली आणि तेथे त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. यानंतरचे जवळजवळ सर्व काम त्यांनी तेथेच केले. विद्याशाखांमधील भिंती ओलांडण्याची आज जी चर्चा होते, तिच्या संदर्भात या संस्थेची रचना पाहण्यासारखी आहे. पुरातत्त्वात ह. धी. सांकलिया, भाषाशास्त्रात सु. मं. कत्रे, शेजारी इतिहास, आणि समाजशास्त्र-मानवशास्त्र विभागात इरावतीबाई अशी ही मांडणी होती. उत्खननात सांगाडे निघाले तर ते मोजायला त्या जात. आप्तवाचक शब्दाची व्युत्पत्ती अडली तर भाषाशास्त्राचा विभाग हाकेच्या अंतरावर होता. गुजरातमधील लांघणज येथे १९४४ मध्ये सापडलेल्या सूक्ष्मास्त्रयुगीन मानवी अवशेषांचा अभ्यास याच सहकार्यातून झाला. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या दिल्ली येथील अधिवेशनात त्या मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्ष होत्या.

त्यांच्यापुढे जो भारतीय प्रश्न होता तो हर्बर्ट रिस्ली याने निर्माण केलेला. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त असलेल्या या अधिकाऱ्याने नाकाच्या मोजमापावरून जातींची उतरंड लावून दाखविली होती. नाक जितके सरळ व अरुंद तितकी जात वरची, हे त्याच्या प्रतिपादनाचे सार. मराठ्यांची गणना त्याने शक-द्राविड या प्रकारात केली. जात म्हणजे मुळात वंश, हा विचार अशा रीतीने सरकारी कागदपत्रांत कायम झाला, आणि आर्यत्वाच्या गर्वासाठी जसा तो वापरला गेला तसाच त्या गर्वाविरुद्ध उभ्या राहिलेल्यांनीही उलट्या बाजूने तो कधी कधी स्वीकारला. महाराष्ट्रातून या सिद्धान्ताला जी उत्तरे दिली गेली त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तर अग्रगण्य आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ सजातीय विवाहाच्या बंधनात शोधले. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य, आणि बोआस हे वंशवादी मानवशास्त्राचे त्या काळातील सर्वांत मोठे टीकाकार. १९४८ मध्ये अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी घुर्ये यांच्या ग्रंथातील नाकाच्या मोजमापांचाच आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश नाहीत असे दाखविले. घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लीची आकडेवारी तपासून ती उत्तर हिंदुस्थानापलीकडे लागू पडत नाही असे म्हटले होते.

इरावतीबाईंचा मार्ग या दोघांहून निराळा पडला. घुर्ये आकडे वाचत होते. त्या स्वतः कंपास आणि फीत घेऊन गावोगाव फिरल्या. मराठ्यांच्या शरीरमापनाचा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये आला आणि संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह केलेली महाराष्ट्राची मापने १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. या मापनांतून त्यांना जे दिसू लागले ते रिस्लीच्या मांडणीला मुळातूनच छेद देणारे होते. 'ब्राह्मण' किंवा 'कुंभार' असा एकच गट प्रत्यक्षात नाही. कुंभारकाम करणारे, परंतु एकमेकांशी रोटी-बेटी व्यवहार नसलेले अनेक गट आहेत, आणि ते एकाच मूळ गटाचे फुटून झालेले तुकडे आहेत असे मापने सांगत नाहीत. चित्पावन आणि देशस्थ हे दोघेही ब्राह्मण. पण त्यांना जोडणारा दुवा समाजातील स्थान हा आहे, रक्त नव्हे. ज्यात लग्ने होतात तो गट हीच खरी जात. बाकीची नावे धंद्याची आणि दर्जाची. हा विचार त्यांनी 'हिंदू सोसायटी' (१९६१) या ग्रंथात विस्ताराने मांडला. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील ब्राह्मणांच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना करून त्याला जीवशास्त्रीय आधार देण्याचा त्यांनी प्रयत्न केला. यात त्यांनी आपले गुरू घुर्ये यांच्याशीही मतभेद स्वीकारला. ज्या साधनाने रिस्लीने उतरंड रचली त्याच साधनाने तिच्या पायऱ्या सुट्या करता येतात, हे या कामातून दिसून आले.

मोजमापांनी जिथे हात टेकले तिथे त्यांनी भाषेचा आधार घेतला. 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) हा त्यांचा सर्वांत भक्कम ग्रंथ. त्यात भारताचे चार विभाग पाडले आहेत ते आप्तवाचक शब्द आणि विवाहाचे नियम यांवरून. मामाच्या मुलीशी लग्न चालते पण आत्याच्या मुलीशी बहुधा टाळले जाते, अशी जी महाराष्ट्रातील अनेक जातींची रीत, ती उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरील समाजाची खूण म्हणून त्या वाचतात. संस्कृत ग्रंथ, लोकगीते, म्हणी, आणि घरातील बायकांनी सांगितलेले नात्यांचे बारकावे हे सारे येथे पुरावा ठरते. वंश या शब्दाचा जुना अर्थ येथे पुन्हा मध्यभागी येतो. साहित्याच्या विद्यार्थ्याने या ग्रंथाकडे दुर्लक्ष केले हे मराठी संशोधनाचे नुकसान आहे, कारण 'युगान्त'मधील व्यक्तिरेखा ज्या नात्यांच्या जाळ्यात उभ्या आहेत त्या जाळ्याची वीण याच अभ्यासात उलगडली होती.

तरीही त्यांच्या लेखनातून वंशप्रकारांची परिभाषा नाहीशी झाली नाही. लांघणजच्या अवशेषांचे वर्णन त्यांनी आणि सांकलियांनी जुन्या वंशनामांच्या आधारे केले. पुढील संशोधकांनी ती नावे बाजूला ठेवली. युनेस्कोने १९५० मध्ये वंशविषयक निवेदन प्रसिद्ध केल्यानंतरही त्यांच्या विभागात डोकी आणि नाके मोजण्याचे काम चालूच राहिले. नंदिनी सुंदर यांनी त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा वारसा स्पष्टपणे दाखविला आहे. ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंतो बार्बोझा यांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रामुळे बर्लिनच्या कालखंडावर नवा प्रकाश पडला. या टीकेला इरावतीबाईंच्या चाहत्यांनी दुखावून जाण्याचे कारण नाही. एखाद्या शास्त्राचे एक गृहीतक नाकारणे आणि त्या शास्त्राची साधने व शब्द टाकून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्यांना साधली, दुसरी अर्धवट राहिली.

ललितलेखनात मात्र त्या अधिक मोकळ्या आहेत. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालत असताना त्यांच्या ध्यानी येते की एकाच दिंडीतील माणसे जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे वेगळी बसतात. अभंग एक, वाट एक, पंगती मात्र निराळ्या. शास्त्रीय ग्रंथात ज्या गोष्टीची नोंद त्या अंतर्विवाही गटाचे लक्षण म्हणून करतील, तिची सल येथे प्रकट होते. या लेखाचा इंग्रजी अवतार १९६२ मध्ये एका अमेरिकन संशोधनपत्रिकेत छापला गेला आणि जगभरच्या मानवशास्त्रज्ञांनी तो वाचला. ललित आणि शास्त्रीय अशी विभागणी स्वतः लेखिकेने किती मानली होती याची शंका यावी असे हे उदाहरण आहे.

पश्चिम खानदेशातील भिल्लांविषयीचा त्यांचा ग्रंथ मुंबईच्या अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. १९०६ मध्ये खानदेशाचे विभाजन होऊन झालेला हा जिल्हा पुढे धुळे म्हणून ओळखला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. १८२५ पासून भिल्ल एजन्सी आणि भिल्ल पलटण यांच्या द्वारे ब्रिटिशांनी या डोंगराळ मुलखावर ताबा बसविला. लूटमार हा भिल्लांचा जन्मजात स्वभाव आहे, अशी भाषा त्या काळच्या कागदपत्रांत वारंवार येते, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यामागेही हीच समजूत होती. अशा समाजावर लिहिताना इरावतीबाईंच्या ग्रंथाच्या शीर्षकात सामाजिक आणि आर्थिक पाहणी हे शब्द आहेत, ही गोष्ट लहान नाही. आदिवासी जमात आणि जात यांच्यामध्ये त्या पक्की भिंत मानीत नव्हत्या. भिल्ल हा त्यांच्या मते आदिम वंशाचा अवशेष नसून शेजारच्या समाजांशी शतकानुशतके देवघेव करीत आलेला एक गट होता. वंशवादाला हे उत्तर होते. पण त्याच उत्तरात एक अडचणही होती. सर्वांना एका मोठ्या हिंदू समाजाचे घटक म्हणून पाहिले की त्या घटकांमधील सत्तेचा आणि जमिनीचा प्रश्न मागे पडतो. तापीकाठच्या सुपीक जमिनी भिल्लांच्या हातून कशा गेल्या आणि त्याच जमिनीवर ते सालदार म्हणून कसे राबू लागले, हा प्रश्न १९७१-७२ मध्ये शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चळवळीच्या रूपाने पुढे आणला. ती उभी राहिली तेव्हा इरावतीबाई हयात नव्हत्या.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्या स्वतःही या प्रश्नाच्या जवळ येत होत्या असे दिसते. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये आला. भारतातील धरणग्रस्तांच्या आरंभीच्या अभ्यासांत त्याची गणना होते. १९६७ मध्ये 'युगान्त' प्रसिद्ध झाले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातील 'मयसभा' या लेखात खांडववनाच्या दहनाकडे त्या पाहतात ते अग्नीला दिलेल्या आहुतीची कथा म्हणून नव्हे. नवी भूमी हस्तगत करण्यासाठी तेथे आधी राहणाऱ्या नागांचा आणि पशुपक्ष्यांचा केलेला संहार म्हणून त्या ते वाचतात. महाभारताच्या सांगण्याप्रमाणे त्या आगीतून सहाच जीव वाचले : मय, अश्वसेन आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. कृष्ण आणि अर्जुन यांच्या पराक्रमाकडे जळणाऱ्यांच्या बाजूने पाहण्याचे धैर्य मराठी टीकेत त्यापूर्वी क्वचितच दिसले होते. शास्त्रीय ग्रंथांत विजेते आणि जित यांच्या संबंधाविषयी जे काहीसे संयमाने येते, ते येथे स्पष्ट शब्दांत आले आहे.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. 'गंगाजल' हा लेखसंग्रह १९७२ मध्ये मरणोत्तर निघाला. पुढे सरदार सरोवराच्या जलाशयाखाली अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्या गावांतून वसाहतींमध्ये आलेल्या कुटुंबांची मुले आता तळोदा, शहादा, नंदुरबार येथील महाविद्यालयांत शिकतात. पश्चिम खानदेशातील भिल्लांची पाहणी, कोयनेचा अहवाल आणि 'मयसभा' हे तीन मजकूर त्यांच्या वर्गात एकत्र ठेवून वाचण्यास समाजशास्त्राचा शिक्षकही लागेल आणि मराठीचाही.